कोकणातल्या वाटांसाठी फुल सस्पेन्शन सायकल: २७.५ की २९?

कातळफूल

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळ राहते. सध्या २६ इंची चाकांची जुनी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) आहे, भावाने मुंबईला जाताना माझ्या गळ्यात मारलेली. महामार्गावर डंपरांच्या शेजारून चालवायची हौस फिटलीय, त्यामुळे हल्ली गावामागचा सडा, काजूच्या बागांमधल्या पाणंदी आणि खाडीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाड्या एवढंच माझं सायकलिंग.

जांभ्याचा सडा ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. लांबून टेबलासारखा सपाट दिसतो आणि सायकल घातली की दात वाजतात. भोकं, खळगे, धारदार कडा, मध्येच मुरमाचा पट्टा. तासाभरात मनगटं आणि कंबर दोन्ही तक्रार करायला लागतात, म्हणून पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणाऱ्या फुल सस्पेन्शनचा विचार आहे.

उंची ५ फूट २ इंच, वजन ५६ किलो. बजेट ओढूनताणून पावणेदोन लाख. उड्या मारायच्या नाहीत, शर्यतीत उतरायचं नाही. दुकानदारांना फोन केले तर सगळे डोळे झाकून २९ इंची चाकं सांगतात. माझ्या उंचीला ते झेपेल का? ट्रॅव्हल (सस्पेन्शन किती मिलिमीटर दबतं ते) किती घ्यावी? आणि खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्यात एवढे सांधे असलेली सायकल टिकते का? ज्यांनी कोकणात चालवलीय त्यांनी कृपया लिहा.

पुणेरी_पेडल

२९ घ्या, विषय संपला. मोठ्या मापांत आता नवीन ट्रेल सायकली जवळपास सगळ्या २९ वरच येतात. ट्रॅव्हल १५० घ्या, नंतर कमी पडायला नको.

मालवणी_खाजा

पुणेकरांनू, विषय संपवची एवढी घाई कित्याक? तायचो धागो आत्ताच सुरू झालो हा.

दाभोळखाडी

कातळफूल, माझी उंची ५ फूट ४. माझ्याकडे २७.५ ची फुल सस्पेन्शन आहे, मागे १३० आणि पुढे १४० मिमी. दापोली-गुहागर पट्ट्यात चालवतो, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

पाखाडी उतरताना बूड सीटच्या मागे न्यावं लागतं. मित्राच्या २९ वर हे करून पाहिलं तर मागचा टायर थेट चड्डीला घासला. उंच माणसाला हा त्रास होत नाही, कारण त्याचे पाय लांब असतात आणि चाक त्याच्यापासून दूर राहतं. आपल्यासारख्यांना तेच चाक अडचणीचं. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या वाटा. दोन बाजूला दगडी गडगे, मध्ये जेमतेम हँडल जाईल एवढी जागा, आणि गडगा संपतो तिथे काटकोनात वळण. अशा ठिकाणी लहान चाक आणि आखूड मागचा भाग असलेली सायकल पटकन फिरते.

आता उलट बाजू. सड्यावर सरळ पेडल मारत जायचं असेल तर तो २९ वाला मित्र आरामात पुढे निघून जातो. मला पाय जास्त मारावे लागतात. हे नाकारण्यात अर्थ नाही.

खाजणवाट

थोडं गणित मांडतो. कंटाळा आला तर सरळ पुढच्या प्रतिसादावर जा.

रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास २९ ला ६२२ मिमी असतो, म्हणजे रोड बाईकच्या ७००सी एवढाच. २७.५ ला ५८४, आणि तुमच्या जुन्या २६ ला ५५९. २.४ इंच रुंद टायर चढवला की २९ ची त्रिज्या साधारण ३७० मिमी होते, २७.५ ची ३५०. फरक वीसेक मिलिमीटरचा.

आता सड्यावरची ६० मिमी उंच कड घ्या. चाक कडेला टेकतं तो बिंदू आणि चाकाच्या मधला अ‍ॅक्सल यांना जोडणारी रेषा उभ्या रेषेशी २९ मध्ये ३३ अंशांचा कोन करते, २७.५ मध्ये ३४ अंशांचा. हा कोन जितका लहान तितका धक्का सौम्य. कड १०० मिमीची असेल तर साधारण ४३ आणि ४४. म्हणजे ज्यावर एवढी भांडणं होतात तो फरक अंश-दीड अंशाचा आहे. खळग्यांचंही तेच. २० सेंटिमीटर रुंद खळग्यात २९ चं चाक सुमारे १३.८ मिमी खाली उतरतं, २७.५ चं १४.६. टायर कडक धरला आहे, खऱ्या आयुष्यात तो दबतो.

यातून माझा निष्कर्ष असा की दात वाजायचे थांबवायचे असतील तर चाकाच्या मापाआधी टायरची रुंदी आणि दाब बघा. तुमच्या हार्डटेलला बहुधा १.९५ किंवा २.१ चे टायर, आत ट्यूब आणि चाळीसेक पीएसआय हवा असेल. ५६ किलो वजनाला २.४ चा ट्यूबलेस टायर पुढे १८-१९ आणि मागे २१-२२ पीएसआयवर चालवा, अर्धा सडा तिथेच गुळगुळीत होईल.

जाता जाता गिअरचं. २९ घेतलं तर त्याच गिअरला सायकल पाचेक टक्के जड लागते, कारण प्रत्येक फेरीत चाक जास्त अंतर कापतं. खाडीवरून सड्यावर येणारे आपले चढ आठवा. ३२ दातांची पुढची चकती काढून ३० ची बसवली की हिशेब जुळतो. हा बदल स्वस्तात होतो, पण विकत घेताना कोणी सांगत नाही.

पुणेरी_पेडल

गणित छान आहे, पण सड्यावर अशी कड एकदा येत नाही, दर मीटरला येते. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेग वाचला की शेवटी बेरीज मोठी होते. शिवाय मोठं चाक एकदा फिरायला लागलं की वेग टिकवून धरतं. आणि २९ मध्ये पायाची धुरी (पेडल जिच्याभोवती फिरतात ती) अ‍ॅक्सलच्या रेषेच्या बरीच खाली येते, त्यामुळे आपण सायकलच्या वर नाही तर आत बसलोय असं वाटतं. उतारावर त्याने धीर येतो. हे तुमच्या कोनात दिसणार नाही.

खाजणवाट

मान्य. स्थिरतेचा मुद्दा बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच की फरक आहे, पण चमत्कार नाही.

ग्रीसगन

ताई, माझं चिपळूणला छोटं वर्कशॉप आहे. टिकते का, या तुमच्या प्रश्नाचं कोणी उत्तर दिलं नाही. मी देतो, जरा लांबेल.

फुल सस्पेन्शनला मागच्या भागात सांधे असतात आणि बहुतेक सांध्यांत बॉल बेअरिंग. चाकाच्या हबचं बेअरिंग गरागरा फिरतं, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. सांध्याचं बेअरिंग मात्र काही अंश पुढे, काही अंश मागे, एवढंच हलतं. तेच बॉल त्याच जागी घासत राहतात. त्यात लाल मातीचं बारीक पाणी शिरलं की ग्रीसची पेस्ट होते, मग ती सुकते आणि सांधा करकरायला लागतो. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर बुडालेल्या सायकली उघडल्या तेव्हा आतलं दृश्य बघून माझाच जीव कळवळला होता. पण पुराची गरजही नाही. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहत असाल तर नुसती भिंतीला टेकवून ठेवलेली सायकलही गंजते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा बोल्ट, त्यात खारी हवा: दोन पावसाळे कोणी हात लावला नाही तर बोल्ट वितळून बसल्यासारखा घट्ट होतो.

म्हणून कोकणात सायकल घेताना माझा पहिला प्रश्न चाकाचा नसतो. मागे बेअरिंग किती आहेत ते मोजा. एकच मुख्य सांधा असलेली रचना, किंवा अ‍ॅक्सलजवळच्या सांध्याऐवजी फ्रेमची नळीच थोडी लवते अशी रचना, आपल्याला बरी. चार सांध्यांची हॉर्स्ट लिंक चालायला उत्तम, ब्रेक दाबल्यावरही मागचं चाक जमीन सोडत नाही. त्याचं अमेरिकेतलं पेटंट स्पेशलाइज्ड कंपनीकडे होतं, ते २०१३ मध्ये संपलं आणि मग अनेकांनी तीच पद्धत घेतली. चांगलीच आहे, पण बेअरिंग वाढतात. तुम्ही स्वतः पाना हातात घेणार असाल तर जरूर घ्या.

बेअरिंग सांध्यांसाठीचं, आत पिंजरा नसलेलं आणि गच्च बॉल भरलेलं मागा. दर पावसाळ्यानंतर सील सुईने उचलून जुनं ग्रीस धुवायचं, पाणी न सोडणारं जाड ग्रीस भरायचं. प्रत्येक बोल्टला ग्रीस लावूनच बसवायचं आणि टॉर्क पान्याने आवळायचं. गाडी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याखाली सायकल कधीच धरायची नाही, ते पाणी सीलच्या आत घुसतं. बादली, ब्रश, मग फडक्याने कोरडी. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत घालून फोटो काढायचा मोह होतो. काढा, पण घरी येऊन त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा.

फोर्कचं (पुढच्या सस्पेन्शनचं) वेगळंच. खालच्या नळ्यांतलं तेल आणि सील साधारण ५० तास चालवल्यावर बदलायचे असतात, रॉकशॉक्स कंपनीच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं आहे. आपल्या मातीत मी त्याच्याही आधी करतो. शॉकच्या (मागच्या सस्पेन्शनच्या) आतलं मोठं काम इथे होत नाही. पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरला पाठवावं लागतं, तेवढे दिवस सायकल घरी बसते. हे बजेटमध्ये धरा.

आणि एक. पंधरा-वीस हजारांत 'ड्युअल सस्पेन्शन' लिहिलेली सायकल कोणी दाखवली तर हात जोडून परत या. मागे नुसती स्प्रिंग असते, तिला आवरणारं आत काही नसतं. वजन १७-१८ किलो. त्यापेक्षा तुमची जुनी हार्डटेल बरी.

मालवणी_खाजा

ग्रीसगन भाव, एकदम बरोबर. माज्या शेजाऱ्यान तशीच एक घेतल्यान. चढार ती वर कमी आणि खाली-वर जास्ती जाता.

घाटमाथा

सगळ्यांचं वाचलं. मला वेगळंच सुचवायचंय: फुल सस्पेन्शन घेऊच नका. चांगली अ‍ॅल्युमिनियम हार्डटेल, १२० मिमीचा हवेचा फोर्क, २.४ चे टायर, ड्रॉपर (चालवताना सीट खाली-वर करणारा खांब). पाऊण लाखाच्या आसपास जमवता येईल. उरलेल्या पैशांत दरवर्षी फिरा. पावणेदोन लाखांत फुल सस्पेन्शन मिळते ती सुरुवातीची असते. त्याच पैशांत हार्डटेल वरच्या दर्जाची येते. सांधे नाहीत, बेअरिंग नाहीत, शॉक पाठवायची भानगड नाही.

दाभोळखाडी

तर्क बरोबर, पण ताईंचा मुद्दा कंबरेचा आहे. हार्डटेलवर मागचे धक्के घ्यायला तुम्ही उभे राहता आणि गुडघे वापरता. सड्यावर तासभर उभं राहून चालवता येत नाही. बसून पेडल मारताना मागचं सस्पेन्शन जे करतं ते कुठलाही टायर करत नाही. चढावरही चाक कडेवर आपटून घसरत नाही, पकडून वर येतं. मी दोन्ही चालवल्यात. सड्यासाठी मागे शॉक हवाच, असं माझं ठाम मत.

घाटमाथा

चला, असहमतीवर सहमत.

आजोळ_राजापूर

मी सायकलवाला नाही, पण शीर्षक बघून आलो. सड्यावर चालवता ते ठीक, एक विनंती आहे. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं आता बऱ्याच जणांना माहीत आहेत, पण कुंपण नसलेली, फलक नसलेली शिल्पं कितीतरी आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. रेषा उथळ असतात, वरून मातीने भरलेल्या, सायकलवरून दिसतही नाहीत. नवीन सड्यावर जाणार असाल तर आधी गावात कोणाला तरी विचारा. पावसाळ्यात सड्यावर फुलं येतात, ती मातीच्या इतक्या पातळ थरावर उगवतात की चाकाची एक रेघ पुढच्या वर्षापर्यंत दिसते. मळलेली पायवाट सोडू नका.

कातळफूल

आजोळ_राजापूर, माझं नाव बघा, मी त्यातलीच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर सायकल नेतच नाही, तेव्हा चालत जाते. तशीही शेवाळामुळे तेव्हा सायकल उभी राहत नाही. आणि आंब्याच्या हंगामात बागांमधून जाताना राखणदाराला हाक मारल्याशिवाय जायचं नाही हेही शिकलेय.

बाकी सगळ्यांचे आभार. ग्रीसगन, तुमचा प्रतिसाद प्रिंट करून गॅरेजमध्ये लावणार आहे. घाटमाथा, हार्डटेल आहेच की माझ्याकडे, कंबर तिच्यामुळेच गेलीय.

आता एक शंका. पुढे २९ आणि मागे २७.५ असं काहीतरी असतं ना? मुलेट म्हणतात ते. माझ्यासारखीला हे दोन्हीकडचं चांगलं मिळवून देईल का, की उगाच फॅशन?

पुणेरी_पेडल

फॅशन नाही, त्याला इतिहास आहे. २९ चा प्रचार गॅरी फिशरने वगैरे सुरू केला, १९९९ च्या सुमारास त्या मापाचा पहिला खरा डोंगरी टायर आला. तरी शर्यतीत बरीच वर्षं बहुतेक जण २६ वरच होते. २०१२ मध्ये निनो शूर्टरने २७.५ वर वर्ल्ड कप जिंकला तेव्हा बाजाराने तेच माप उचललं, २६ दोन-तीन वर्षांत गायब. मग २०१७ मध्ये फोर्ट विल्यमला ग्रेग मिनारने २९ च्या डाउनहिल सायकलवर जिंकून दाखवलं आणि वारं पुन्हा फिरलं. २०१९ पासून जागतिक सायकलिंग संघटना यूसीआयने पुढे-मागे वेगळी चाकं चालतील असा नियम केला. त्याच वर्षी लोइक ब्रुनी पुढे २९, मागे २७.५ लावून जगज्जेता झाला.

कारण तेच जे दाभोळखाडींनी पाखाडीवर सांगितलं: पुढचं मोठं चाक कडा ओलांडतं, मागचं लहान चाक बुडाला लागत नाही आणि वळणात पटकन फिरतं. माझ्या पहिल्या उत्तरात तुमच्या उंचीकडे लक्ष दिलं नव्हतं. ५ फूट २ ला मी आता मुलेट किंवा २७.५ म्हणेन. १५० पण विसरा, १२०-१३० पुरे.

मालवणी_खाजा

बघा, विषय आता संपलो. :)

खाजणवाट

मुलेटबद्दल एक इशारा. जी फ्रेम दोन्हीकडे २९ साठी बनली आहे तिच्या मागे नुसतं २७.५ चाक घातलं तर सायकलचं मागचं टोक वीस मिमी खाली जातं, पुढचा कोन आडवा होतो आणि पायाची धुरी जवळपास दहा मिमी खाली येते. सड्यावर हे महागात पडतं, कारण फुल सस्पेन्शन आधीच सॅगमुळे (बसल्यावर वजनाने दबण्यामुळे) खाली बसलेली असते. पेडल सारखं कातळावर आपटणार. कंपनीनेच मुलेट म्हणून बनवलेली, किंवा फ्लिप चिपने (फ्रेमच्या सांध्यातल्या उलटवता येणाऱ्या तुकड्याने) ते माप जुळवता येणारी फ्रेमच बघा.

याच कारणाने क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी विचारा. १७५ मिमी नको, १७० चालेल, १६५ मिळाले तर उत्तम. तुमच्या पायांनाही तेच बरं.

दाभोळखाडी

पेडल आपटण्याला +१. आमच्याकडे सड्यावर पेडलच्या पिना वर्षभरात झिजून सपाट होतात.

टायरबद्दल राहिलं. जांभ्याची कड टायरची बाजू चिरते, मधला भाग नाही. त्यामुळे पातळ बाजूचे हलके टायर घेऊ नका. मॅक्सिस कंपनीच्या टायरमध्ये एक्सो प्लस किंवा तत्सम जाड बाजूचा मागे लावा, पुढे साधा एक्सो चालेल. टायरमधलं सीलंट करवंदीच्या आणि चिल्हारीच्या काट्यांची भोकं बुजवतं, पण कातळाने केलेली चीर नाही. त्यासाठी ट्यूबलेसचा प्लग आणि आतून लावायला जाड तुकडा सोबत ठेवा. आपल्या उकाड्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं, टायर हलवून खळखळ ऐका. नसेल तर भरा.

सुटी ट्यूबही ठेवा. तालुक्याच्या गावात २९ ची नसली तर २७.५ ची ओढून बसते, अडीनडीला चालते. २६ ची तर कुठेही मिळते, आणि ती २७.५ मध्ये जाते.

हो, आणि पंक्चर काढायला सड्यावर बसण्याआधी दगड पायाने नाही, काठीने हलवून बघा. विषारी फुरसं तिथेच असतं. रत्नागिरीकरांना मी काय सांगणार.

कातळफूल

फुरशाचं आईने लहानपणापासून एवढं डोक्यात भरलंय की मी सायकलवर टेकूनच पंक्चर काढते. :)

आता खरी बातमी. एक जुनी सायकल बघायला मिळतेय, कोल्हापूरला. लहान मापाची फ्रेम, दोन्ही चाकं २७.५, मागे १२० पुढे १३०, अ‍ॅल्युमिनियम. मालक म्हणतो फारशी चालवली नाही. मागतोय एक लाख दहा हजार. नवीन बघावी तर लहान मापात पॉलिगॉन सिस्क्यू टी २७.५ वरच येते, पण मिळेपर्यंत थांबावं लागेल, आणि बजेटचं बघावं लागेल. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, त्याचा थोडा आधार आहे.

रविवारी बघायला जातेय. काय तपासू?

ग्रीसगन

जुनी घेण्यात गैर काही नाही. कोल्हापूरची म्हणजे खारी हवा लागलेली नाही, हा मोठाच फायदा. माझ्याकडे समुद्रकाठची सेकंडहँड आली की मी आधी बोल्ट बघतो, रंग नंतर.

सीट धरून मागचं चाक हळूच जमिनीपासून उचला. उचलायच्या आधी कुठे टक असा आवाज आला किंवा ढिलेपणा जाणवला तर सांध्यातलं किंवा शॉकच्या टोकाचं बुशिंग गेलंय. बुशिंग स्वस्त, सांध्याची सगळी बेअरिंग बदलायची तर काही हजार आणि एक पूर्ण दिवस. शॉकमधली हवा मालकाला पूर्ण सोडायला सांगा आणि मग मागचा भाग हाताने वर-खाली करा. अडकत-अडकत गेला तर बेअरिंग खरखरीत झालीत. हवा भरलेली असताना हे कळत नाही, म्हणून विकणारे सोडू देत नाहीत. तुम्ही आग्रह धरा. शॉक पंप सोबत न्या.

फोर्क आणि शॉकच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा सील फाडत राहणार, ती सायकल सोडा किंवा नळीचे पैसे कापून घ्या. फ्रेम उलटी करून खालचा भाग, मुख्य सांध्याच्या भोवतीचे वेल्ड आणि शॉक जिथे फ्रेमला जोडला आहे ती जागा टॉर्चने बघा. केसासारखी रेघ रंगात आहे की धातूत, हे फोटोवरून मी सांगेन. मागच्या हबची रुंदी विचारा, १४८ मिमी असेल तर चाकं आजही सहज मिळतात. १४२ असेल तर किंमत पाडा. डिरेल्युअर (मागचे गिअर बदलणारा भाग) ज्यावर लटकतो तो हँगर कुठला आहे तेही. स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेला, अनेक कंपन्यांच्या फ्रेमना चालणारा यूडीएच असेल तर छान, नाही तर त्या फ्रेमचा नेमका हँगर मिळतो का ते आधी शोधा आणि दोन घेऊन ठेवा. जांभ्यावर आडवी पडली की पहिला तोच वाकतो.

खाजणवाट

यात एक भर. तुमचं वजन कमी आहे, हे सेटिंगमध्ये विसरू नका. बहुतेक सायकलींचा शॉक ७०-८० किलोच्या माणसाला धरून जुळवलेला असतो. तुम्ही बसलात की सॅग मोजा: शॉकवरचा रबरी रिंग वर सरकवा, हेल्मेट, पाण्याची पिशवी सगळं घालून हळूच बसा, न उसळता उतरा. शॉकचा स्ट्रोक ५० मिमी असेल तर रिंग १५ मिमी सरकायला हवी, म्हणजे ३० टक्के. हवा भरताना ५० पीएसआय झाल्यावर थांबून सायकल आठ-दहा वेळा दाबा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा सारखी होते. मग पुढे भरा. नाहीतर आकडा चुकीचा दिसतो.

कमी हवेवर रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग) जवळपास पूर्ण उघडा ठेवावा लागेल. पूर्ण उघडूनही मागचा भाग सावकाश वर येत असेल तर सड्यावर लागोपाठ येणाऱ्या धक्क्यांत तो दबत दबत खालीच बसेल आणि सायकल हार्डटेलसारखी लागेल. मग फुल सस्पेन्शनचे पैसे गेले पाण्यात. हे तिथेच, अंगणात, पायरीवरून दोनदा उतरवून तपासता येतं. फोर्कमध्ये हवेची जागा कमी करणारे प्लास्टिकचे टोकन असतील तर घरी आणून एखादा काढून टाका, पूर्ण ट्रॅव्हल वापरली जाईल.

घाटमाथा

हार्डटेलवाला म्हणून शेवटचं बोलतो. १२०-१३० ची, २७.५, लहान फ्रेम, एक लाखाच्या आसपास, कोरड्या हवेतली. ही मिळत असेल तर मीसुद्धा घ्या म्हणेन. ९५ हजारांपासून सुरुवात करा.

पुणेरी_पेडल

पुढे २९ चा फोर्क नंतर टाकून मुलेट करता येईल का, हेही बघा.

खाजणवाट

नको. २७.५ च्या फ्रेमला पुढे २९ टाकलं की पुढचा भाग वर येतो, ५ फूट २ च्या माणसाला हँडल छातीशी येईल आणि चढावर पुढचं चाक उचललं जाईल. आहे तशी ठेवा.

मालवणी_खाजा

ताय, सायकल घेवन येताना आंबा घाटातसून चलवत येव नको. गाडयेत घालून हाड. दुसऱ्याच्या ब्रेकवर पयल्याच दिवशी घाट नको.

कातळफूल

नाही हो, भाऊ येतोय गाडी घेऊन. ग्रीसगन, शॉकच्या मापाचा फोटोही टाकू का?

ग्रीसगन

टाका. शॉकवर २१० बाय ५० किंवा १९० बाय ४५ असं काहीतरी कोरलेलं असेल, ते वाचता येईल असा जवळून. सोबत सीरियल नंबर आणि हँगरचा मागून एक. रविवारी दुपारपर्यंत मी दुकानातच आहे, तिथूनच फोटो पाठवलेत तर पैसे द्यायच्या आधी सांगतो.